राजा परत आला, पण घराचे पैसे चुकते केल्यावरच आत राहायला गेला
कुमासीचा मान्हिया राजवाडा आणि असांते राजा प्रेम्पे याची २८ वर्षांची हद्दपारी

पश्चिम आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे. तिथल्या कुमासी शहरात मान्हिया राजवाडा म्हणून एक दुमजली इमारत उभी आहे. राजवाडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर म्हैसूर, ग्वाल्हेर नाहीतर बडोद्याचा लक्ष्मीविलास येतो. तसलं इथे काही नाही. पुढे व्हरांडे, साध्या खिडक्या, भोवती बाग. इंग्रजांच्या काळातला कलेक्टरचा बंगला शोभावा असं हे घर. १९९५ पासून तिथे वस्तुसंग्रहालय आहे. आत असांते राजांचे आणि राजमातांचे माणसाएवढे पुतळे आहेत, त्यांचं फर्निचर आहे, रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत.

हे घर १९२५ मध्ये इंग्रज सरकारने बांधलं. ज्याच्यासाठी बांधलं, त्याला त्याच सरकारने २८ वर्षे देशाबाहेर ठेवलं होतं. त्याचं नाव प्रेम्पे.

असांते हे त्या भागातलं बलाढ्य राज्य. सोनं तिथल्या जमिनीतच होतं. ते विकून बंदुका यायच्या आणि बंदुकांच्या जोरावर राज्य वाढायचं. गुलामांचा व्यापारही या राज्याने केला, हेही सांगायला हवं. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओसेइ तुतू या राजाने वेगवेगळ्या सरदारांना एकत्र आणलं. त्याचा पुरोहित ओकोम्फो अनोच्ये याने आकाशातून सोन्याचं आसन उतरवलं, अशी असांते लोकांची श्रद्धा आहे. हे आसन शुक्रवारी आलं, म्हणून त्याच्या नावातच शुक्रवार आहे. राजासुद्धा त्याच्यावर बसत नाही. ते बसायचं आसन नव्हेच, सगळ्या असांते लोकांचा आत्मा त्यात आहे असं ते मानतात. पुढचं सगळं समजायचं तर ही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इंग्रजांना ती शेवटपर्यंत नीट कळली नाही.

१८७४ मध्ये जनरल वुल्झलीच्या फौजेने कुमासी जाळलं. राजाचा जुना दगडी वाडा सुरुंग लावून उडवला आणि त्याआधी आतलं सोनं बाहेर काढलं. त्यानंतर झालेल्या तहात असांतेवर ५०,००० औंस सोन्याचा दंड बसवला. आजच्या मापात दीड टनाहून जास्त. त्यातला थोडाच भाग वसूल झाला आणि बाकी रक्कम कागदावर तशीच राहिली. येणं बाकी कशाला राहू द्यायचं, हे मुरलेल्या सावकाराला चांगलं माहीत असतं. हवं तेव्हा दार ठोठावता येतं.

प्रेम्पे त्या वेळी लहान पोर होता, साधारण १८७० च्या सुमारास जन्मलेला. असांतेमध्ये वारसा आईकडून चालतो. राजाचा मुलगा राजा होत नाही, राजघराण्यातल्या बाईच्या पोटी जन्मलेलाच होतो. राजा कोण व्हावा हे सुचवण्याचा मानही राजमातेचा. प्रेम्पेची आई या अक्या ही नुसती राजाची आई नव्हती, ती असांतेची राजमाता होती आणि पक्की राजकारणी होती. १८८३ पासून राज्यात यादवी माजली. एका राजाला पदच्युत केलं. त्याच्या जागी प्रेम्पेचा भाऊ आला, पण तो थोड्याच दिवसांत देवीच्या साथीत गेला. पुढची चार वर्षे गादी रिकामी. दोन गट एकमेकांची गावं जाळत होते. या सगळ्यातून या अक्याने आपल्या दुसऱ्या मुलाला १८८८ मध्ये गादीवर बसवलं. पोरगा तेव्हा अठराच्या आसपासचा. राज्याचे निम्मे सरदार त्याला मानायला तयार नव्हते आणि खजिना रिकामा होता.

पुढच्या सहा वर्षांत त्याने काय केलं, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. हद्दपारीची कथा एवढी मोठी झाली की त्याआधीचा राजा झाकला गेला. फुटून गेलेले सरदार त्याने एकेक करून परत आणले, काही समजावून, काही लढाई करून. पळून गेलेल्या लोकांना परत बोलावलं. व्यापाराच्या वाटा पुन्हा सुरू होऊ लागल्या. १८९४ मध्ये सगळ्या विधींसह त्याचा राज्याभिषेक झाला. मोडलेलं राज्य विशीतल्या पोराने पुन्हा उभं करत आणलं होतं.

नेमकं हेच इंग्रजांना नको होतं. किनाऱ्यावरची गोल्ड कोस्ट वसाहत त्यांची होती. पश्चिमेकडून फ्रेंच सरकत होते, पूर्वेला टोगोमध्ये जर्मन बसले होते. मधलं असांते मोकळं राहिलं तर दुसरा कोणीतरी घेईल, ही भीती होती. १८९१ मध्ये त्यांनी प्रेम्पेला सांगून पाहिलं की इंग्रजांचं संरक्षण पत्कर. त्याने गोड शब्दांत पण स्पष्ट नकार कळवला. असांते जसं होतं तसंच राहील आणि गोऱ्या लोकांशी मैत्रीही ठेवील, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. मग कुमासीत इंग्रज रेसिडेंट ठेव म्हणून तगादा सुरू झाला. रेसिडेंट म्हणजे काय ते मराठी माणसाला शिकवायला नको. पुणे, सातारा, नागपूर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, सगळीकडे तो आधी पाहुणा म्हणून आला होता.

प्रेम्पेने गव्हर्नरला बाजूला ठेवून थेट लंडनला व्हिक्टोरिया राणीकडे शिष्टमंडळ पाठवलं. इंग्रजी शिकलेला राजघराण्यातला जॉन ओवुसू अन्सा त्याचा पुढारी होता. १८९५ मध्ये ही मंडळी लंडनला पोचली आणि महिनोन् महिने तिथे बसून राहिली. राणीची भेट मिळाली नाही. आपल्याकडे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते चौदा वर्षे लंडनमध्ये दारं झिजवत होते, त्याला तेव्हा चाळीसेक वर्षे झाली होती. निवेदन द्यायचं, पोच घ्यायची आणि वाट बघायची, यात किती आयुष्यं जातात हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायची गरज नाही. फरक इतकाच की प्रेम्पेचे दूत तिकडे असतानाच इकडे फौजेची तयारी सुरू झाली होती.

कारणं दोन दाखवली गेली. असांतेमध्ये नरबळी देतात हे एक, आणि १८७४ चा दंड अजून थकला आहे हे दुसरं. पहिल्यात तथ्य नव्हतं असं नाही. राजेलोकांच्या मृत्यूनंतर माणसं मारण्याची प्रथा तिथे होती. पण ती प्रथा इंग्रजांना पन्नास वर्षे माहीत होती. फौज निघाली ती फ्रेंच जवळ आल्यावर.

जानेवारी १८९६ मध्ये सर फ्रान्सिस स्कॉटची फौज कुमासीला पोचली. पुढे बालवीर चळवळ सुरू करणारा बेडन-पॉवेल याच फौजेत होता, स्थानिक तुकडीचा प्रमुख म्हणून. या मोहिमेत इंग्रजांवर एकही गोळी सुटली नाही. प्रेम्पेने लढायचं नाही असं ठरवलं होतं.

त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वादाचा निर्णय हाच. सरदारांपैकी कित्येकांना लढायचं होतं आणि रानात लढायची असांतेची ख्याती होती. पण प्रेम्पे यादवीत वाढला होता. १८७४ ची राखरांगोळी झाली तेव्हा तो शहाणा नव्हता, पण पुढच्या पडझडीत तो मोठा झाला होता. पुन्हा युद्ध झालं तर आठ वर्षांत जोडलेलं सगळं फुटेल आणि सोन्याचं आसन इंग्रजांच्या हाती लागेल, हा त्याचा हिशोब होता. राजा दुसरा मिळेल, आसन दुसरं मिळणार नाही. नंतरच्या काळात त्याला कोणी भित्रा म्हटलं, कोणी दूरदर्शी. पुढे जे घडलं त्यावरून पाहिलं तर हिशोब बरोबर निघाला असंच म्हणावं लागतं, पण त्याची किंमत काय पडणार आहे हे त्या दिवशी त्यालाही माहीत नसणार.

२० जानेवारी १८९६ रोजी कुमासीत दरबार भरला. फौजेच्या बिस्किटांच्या खोक्यांचा चौथरा करून त्यावर गव्हर्नर मॅक्सवेल आणि लष्करी अधिकारी बसले होते. प्रेम्पेने आणि त्याच्या आईने पायातल्या वहाणा काढल्या, पुढे जाऊन सर्व प्रजेसमोर गुडघे टेकले आणि गव्हर्नरचे पाय धरले. असांते राजाने कोणापुढे असं केलेलं कोणी पाहिलं नव्हतं. लोकांना वाटलं, आता झालं. मॅक्सवेलने मग दंडाचा विषय काढला. ५०,००० औंस सोनं, आत्ता. प्रेम्पे म्हणाला, ६८० औंस आज देतो, उरलेलं हप्त्याने. ६८० म्हणजे साधारण २१ किलो, मागणीच्या शेकड्याला दीड टक्कासुद्धा नाही. गव्हर्नरला हे आधीच ठाऊक असणार. त्याने जागच्या जागी अटकेचा हुकूम दिला. राजा, राजमाता, वडील, भाऊ, नातेवाईक, मोठमोठे सरदार, सगळेच धरले. वाड्यात झडती झाली, सामान नेलं. बांतामा इथलं राजांचं समाधिस्थान जाळलं गेलं, त्यावर देखरेख बेडन-पॉवेलची होती. मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने राणीचा जावई प्रिन्स हेन्री ऑफ बॅटनबर्ग मेला, तोही तापाने.

आसन मात्र सापडलं नाही.

कैद्यांना आधी किनाऱ्यावरच्या एल्मिना किल्ल्यात ठेवलं. गुलामांना जहाजावर चढवण्याआधी जिथे कोंडायचे तोच हा किल्ला. १८९७ मध्ये तिथून सिएरा लिओनला हलवलं. हे अजून पश्चिम आफ्रिकेतच होतं, त्यामुळे सगळ्यांना आशा होती की वर्ष-दोन वर्षांत सोडतील.

ती आशा १९०० मध्ये संपली. नवा गव्हर्नर हॉजसन मार्च महिन्यात कुमासीला आला आणि त्याने भर सभेत दोन गोष्टी सांगितल्या. प्रेम्पे कधीच परत येणार नाही, आणि सोन्याचं आसन आणून द्या, मी त्यावर बसतो. सभा शांतपणे उठली. काही दिवसांत युद्ध पेटलं. त्याचं नेतृत्व एजिसूच्या राजमातेने केलं, या असांतेवाने. वय साठीच्या आसपास. तिचा नातू प्रेम्पेबरोबर हद्दपारीत होता. कुमासीच्या इंग्रजी किल्ल्याला वेढा पडला, हॉजसनला जून महिन्यात आतून निसटून जावं लागलं. शेवटी बाहेरून कुमक आली आणि उठाव मोडला. असांते रीतसर इंग्रजी राज्यात सामील झालं. पण ज्यासाठी हे सगळं झालं ते आसन या वेळीही मिळालं नाही.

या युद्धामुळे प्रेम्पे आणखी लांब गेला. १९०० च्या सप्टेंबरात त्याला आणि सोबतच्यांना सेशेल्स बेटांवर उतरवलं, आफ्रिका खंडाच्या दुसऱ्या बाजूला, हिंदी महासागरात. पुढच्या वर्षी या असांतेवा आणि तिचे सरदारही तिथेच आले. सेशेल्स त्या काळी इंग्रजांचं राजेलोकांचं कोठार होतं. पेराकचा सुलतान आधीच तिथे राहून गेला होता, युगांडाकडचे म्वांगा आणि कबालेगा हे राजेही आले. आपल्या रत्नागिरीतही असाच एक राजा होता. ब्रह्मदेशाच्या थिबाला इंग्रजांनी १८८६ मध्ये तिथे आणून ठेवलं, १९१० मध्ये वाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. त्याच्या वाड्यातही आज संग्रहालय आहे. राजाला मारायचं नाही, कारण हुतात्मा होतो. त्याला समुद्रापलीकडे नेऊन पेन्शनवर ठेवायचं, म्हणजे तो विस्मरणात जातो. ही पद्धत ठरून गेलेली होती.

माहे बेटावर ल रोशे नावाच्या मळ्यावर असांते मंडळींची वस्ती झाली. तिशीतला राजा तिथे अक्षरं गिरवू लागला. इंग्रजी वाचायला-लिहायला शिकला. आपल्या लोकांच्या मुलांना शाळेत घातलं. अँग्लिकन पंथाचा ख्रिस्ती झाला, एडवर्ड हे नाव घेतलं, सूट घालून चर्चला जाऊ लागला. हे मनापासून होतं की सुटकेसाठी केलेला उपाय होता, यावर लोक अजून वाद घालतात. दोन्ही असू शकतं. सक्तीने गेलेला माणूस नव्या जागेत काही ना काही आपलंसं करतोच, चोवीस वर्षे नुसतं रुसून बसता येत नाही.

पण असांते त्याने सोडलं नव्हतं. वस्तीवर त्याचा दरबार भरायचा. सरदार आपापल्या मानाने बसायचे. १९०७ मध्ये त्याने राजघराण्याचा इतिहास लिहून काढायला घेतला. आई आणि म्हातारी माणसं अजून हयात होती, त्यांच्या तोंडी असलेलं सगळं कागदावर उतरवलं. ज्यांच्याकडे लिहिण्याची परंपरा नव्हती त्या राज्याचा, त्यांच्याच राजाने लिहवून घेतलेला हा इतिहास. आज अभ्यासकांना तो फार मोलाचा वाटतो. हद्दपारी झाली नसती तर हे काम झालं असतं का, कोण जाणे.

याबरोबर अर्ज सुरू होते. गव्हर्नरला, वसाहत मंत्र्याला, राजाला. मी आता ख्रिस्ती आहे, राजनिष्ठ आहे, म्हातारा होत चाललो आहे, घरी जाऊ द्या. उत्तर यायचं, नाही. १९१७ मध्ये या अक्या वारली. १९२१ मध्ये या असांतेवा. एकेक सरदार त्या बेटावरच्या मातीत जात होता.

दार उघडलं ते कुमासीच्या बाजूने. तिथे आता शिकलेली नवी पिढी होती, कोकोच्या बागांमधून पैसा येत होता, १९०३ मध्ये रेल्वे आली होती. शिकलेल्या तरुणांनी १९१६ मध्ये असांते कोतोको सोसायटी काढली आणि जुन्या सरदारांच्या बरोबरीने त्यांनीही राजाच्या सुटकेची मागणी लावून धरली. १९२० च्या सुमारास एक वेगळंच प्रकरण झालं. रस्ता खोदणाऱ्या मजुरांच्या हाती लपवलेलं सोन्याचं आसन लागलं आणि काहींनी त्यावरचे दागिने लंपास केले. असांते लोक खवळले. पण या वेळी सरकारने चूक केली नाही. आसन आम्हाला नको, असं सांगून टाकलं. गव्हर्नर गगिसबर्ग हा मागच्यांपेक्षा समंजस होता. अखेर परवानगी मिळाली, पण अट घालून. राजा म्हणून नाही, श्री. एडवर्ड प्रेम्पे या खासगी नागरिकाने यायचं.

१२ नोव्हेंबर १९२४ रोजी कुमासी स्टेशनात गाडी लागली. हजारोंचा जमाव जमला होता. गाडीतून सूट-बूट घातलेला पन्नाशीतला गृहस्थ उतरला. गर्दीतल्या निम्म्या लोकांनी त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं, ते त्याच्या जाण्यानंतर जन्मले होते. म्हातारी माणसं रडत होती. कागदावर तो खासगी नागरिक होता. कुमासीत असं मानणारा एकही माणूस नव्हता. दोन वर्षांत सरकारला हे पटलं आणि १९२६ मध्ये त्याला कुमासीचा प्रमुख म्हणून मान्यता दिली. पूर्ण असांतेचा राजा म्हणून नव्हे, फक्त एका शहराचा.

राहायचं कुठे हा प्रश्न होताच. जुना वाडा वुल्झलीने उडवला होता. म्हणून सरकारने मान्हियाचं घर बांधलं आणि राजाला देऊ केलं. मान्हिया म्हणजे लोक जिथे एकत्र जमतात ती जागा. प्रेम्पेने फुकट घ्यायला नकार दिला. बांधकामाचा पूर्ण खर्च असांते लोकांनी चुकता करेपर्यंत तो तिथे राहायला गेला नाही. ज्याला एकेकाळी हिशोबातल्या बाकीवरून पकडून नेलं होतं, त्याने या वेळी बाकी काही ठेवलीच नाही. घर इंग्रजांनी बांधलेलं, पण मालकी असांतेची.

शेवटच्या वर्षांत त्याने जी कामं केली त्यातलं एक म्हणजे सेशेल्समध्ये गेलेल्यांचे अवशेष मायदेशी आणणं. या असांतेवाचेही आले. तिला राजघराण्याच्या इतमामाने मूठमाती मिळाली. १२ मे १९३१ रोजी प्रेम्पे वारला. पूर्ण राज्याचा मान परत मिळालेला त्याला पाहायला मिळाला नाही. तो १९३५ मध्ये त्याचा वारस, बहिणीकडचा नातलग, दुसरा प्रेम्पे याला मिळाला. असांते संघ पुन्हा मान्य झाला आणि सोन्याचं आसन उजळ माथ्याने बाहेर आलं. दुसरा प्रेम्पे १९७० पर्यंत याच मान्हियात राहिला. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला ते त्याच्याच हयातीत. पुढच्या राजाने शेजारी नवा वाडा बांधला आणि जुनं घर संग्रहालयासाठी मोकळं झालं.

२०२४ हे साल कुमासीने दोन हिशोबांनी पाळलं, १८७४ च्या लुटीला १५० वर्षे आणि प्रेम्पेच्या परतण्याला १००. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने सात वस्तू कायमच्या परत दिल्या. त्यात हत्तीच्या शेपटीच्या केसांची चवरी आणि सोन्याचे दागिने होते. एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ३२ वस्तू आल्या. लुटीतल्या तलवारी, सोन्याच्या चकत्या, सोन्याची चिलीम आता मान्हियाच्या कपाटांत दिसतात. पण संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला इंग्लंडचा कायदा आड येतो, म्हणून या ३२ वस्तू तीन वर्षांच्या मुदतीवर उसन्या आल्या आहेत. करार घाना सरकारशी झालेला नाही. तो सध्याचे राजे दुसरे ओसेइ तुतू यांच्याशी झाला आहे.